कच्च्या कामाचे पान

गणिताच्या उत्तरपत्रिकेत तुम्ही उजव्या बाजूला समास आखता आणि वर 'कच्चे काम' असे लिहिता. मोठे उदाहरण सोडवताना मधली बेरीज, मधला गुणाकार तेथे मांडून ठेवता. तोच गुणाकार पुढे पुन्हा लागला, तर तो नव्याने करीत बसत नाही. कच्च्या कामाकडे नजर टाकता आणि उत्तर उचलता. परीक्षा संपली की त्या कच्च्या कामाला कोणी विचारीत नाही.

संगणकालाही असे कच्चे काम करावे लागते. लाखो नोंदींमधून माहिती शोधताना मधले उत्तर तो एका वेगळ्या कोष्टकात मांडून ठेवतो, त्यावर पुढचे प्रश्न सोडवतो आणि काम संपले की ते कोष्टक पुसून टाकतो. याला तात्पुरते कोष्टक किंवा टेंपररी टेबल म्हणतात. ते कसे चालते, त्याने किती श्रम वाचतात आणि ते कोठे फसवते, हे आज आपण पाहू. फसवते असे मी म्हणतो, कारण मी स्वतः एकदा फसलो आहे. ती हकिकत पुढे येईलच.

कोष्टकांचे भांडार

पुष्कळ माहिती एका ठिकाणी शिस्तीने साठवली, म्हणजे हवी ती नोंद चटकन काढता येते. अशा साठ्याला डेटाबेस म्हणतात. शाळेचे हजेरीपत्रक, बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे हे सारे आज डेटाबेसमध्ये असते. त्यातील सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे कोष्टकांचा डेटाबेस. ही कल्पना एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडली. त्या वेळी तो अमेरिकेत कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. या कामासाठी १९८१ साली त्याला संगणकशास्त्रातील मानाचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

त्याची कल्पना थोडक्यात अशी. सारी माहिती कोष्टकांत लिहावी. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या नोंदीची एक बाजू. माहिती हवी असली, की 'काय हवे' एवढेच संगणकाला सांगावे. ती कोठून आणि कशी काढायची, ते संगणकाने ठरवावे. अशा विचारणेला पृच्छा म्हणतात. पृच्छा लिहिण्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये एक भाषा जाहीर केली. तिचेच पुढचे रूप म्हणजे आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणरूप ठरले आणि १९९२ च्या सुधारित प्रमाणात तात्पुरत्या कोष्टकांनाही जागा मिळाली.

उत्तर हेही कोष्टकच

कॉडच्या मांडणीत एक गोष्ट दिसायला साधी, पण फार मोलाची आहे. कोष्टकाला पृच्छा केली की जे उत्तर मिळते, तेही कोष्टकच असते.

दोन पूर्णांकांची बेरीज केली की पुन्हा पूर्णांकच मिळतो. म्हणून त्या उत्तरात आपण आणखी एक पूर्णांक मिळवू शकतो आणि बेरजेची साखळी हवी तेवढी लांबवू शकतो. कोष्टकांचेही तसेच आहे. उत्तर कोष्टकरूप असल्यामुळे त्याला नाव देऊन ठेवता येते आणि मग मूळ कोष्टकाला विचारावे तसे त्यालाही प्रश्न विचारता येतात. तात्पुरत्या कोष्टकाची सारी इमारत या एका पायावर उभी आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यातील ४० शाळांच्या ६,००० विद्यार्थ्यांची विज्ञान-गणित परीक्षा झाली. प्रत्येकाला सहा विषय. 'गुणपत्रक' नावाच्या कोष्टकात चार रकाने आहेत: क्रमांक, शाळा, विषय आणि गुण. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक विषयाला एक ओळ. म्हणजे एकूण ओळी ६,००० × ६ = ३६,०००.

आता परीक्षा समितीचे चार प्रश्न आहेत:

१. पहिले दहा विद्यार्थी कोण?
२. प्रत्येक शाळेची सरासरी किती?
३. एकूण गुण ३६० किंवा त्याहून अधिक असलेले किती?
४. आपल्या शाळेच्या सरासरीपेक्षा अधिक गुण मिळवणारे कोण?

चारही प्रश्न नीट वाचा. प्रत्येकाला आधी एकच गोष्ट लागते: प्रत्येक विद्यार्थ्याच्या सहा विषयांची बेरीज. मग ती चार वेळा कशाला करायची? एकदा करून ठेवू. एसक्यूएलची आज्ञा इंग्रजी शब्दांत लिहितात. देवनागरीत तिचा उच्चार असा होईल:

क्रिएट टेंपररी टेबल बेरजा अ‍ॅज
सिलेक्ट क्रमांक, शाळा, सम(गुण) अ‍ॅज एकूण
फ्रॉम गुणपत्रक
ग्रुप बाय क्रमांक, शाळा;

अर्थ सरळ आहे. 'गुणपत्रकातून एकाच विद्यार्थ्याच्या ओळी एकत्र कर, त्यांच्या गुणांची बेरीज घे आणि हे उत्तर "बेरजा" नावाच्या तात्पुरत्या कोष्टकात ठेव.' या कोष्टकात ६,००० ओळी असतील, दर विद्यार्थ्याला एक. यापुढचे चारही प्रश्न आपण 'गुणपत्रका'ला न विचारता 'बेरजा'ला विचारायचे.

हिशेब करून पाहू

श्रम किती वाचले? एक ओळ वाचणे किंवा लिहिणे म्हणजे एक एकक काम, असे ढोबळमानाने धरू.

तात्पुरते कोष्टक न केल्यास चारही वेळा मूळ कोष्टक वाचावे लागेल: ४ × ३६,००० = १,४४,००० एकके.

तात्पुरते कोष्टक केल्यास मूळ कोष्टक एकदा वाचायचे (३६,०००), ६,००० ओळी लिहायच्या आणि चार प्रश्नांसाठी त्या चार वेळा वाचायच्या (२४,०००). एकूण ६६,००० एकके. काम निम्म्याहून कमी झाले.

पण एकच प्रश्न विचारायचा असता तर? सरळ विचारले तर ३६,००० एकके; तात्पुरते कोष्टक करून विचारले तर ३६,००० + ६,००० + ६,००० = ४८,०००. म्हणजे येथे तोटाच. एका पाहुण्याच्या चहासाठी कोणी शेगडी पेटवून बंब तापवीत नाही, तसेच हे. दोन प्रश्नांना मात्र ७२,००० विरुद्ध ५४,००० असा हिशेब होतो आणि फायदा सुरू होतो. म्हणून नियम असा: मधले उत्तर मूळ कोष्टकापेक्षा पुष्कळ लहान असेल आणि ते पुन्हा पुन्हा लागणार असेल, तरच ते साठवावे.

दुसरा फायदा वेळेचा नसून तपासणीचा आहे. मधले उत्तर डोळ्यांसमोर असले की ते पडताळून पाहता येते. 'बेरजा'मध्ये बरोबर ६,००० ओळी आहेत का? 'एकूण' या रकान्याची बेरीज मूळ 'गुण' या रकान्याच्या बेरजेइतकी येते का? दोहोंपैकी एक जरी जमले नाही, तरी पुढे जाण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेत अंतिम सूत्रात आकडे घालण्यापूर्वी आपण निरीक्षणांचा तक्ता तपासतो, त्यातलाच हा प्रकार.

चकती आणि स्मृती

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, त्यामुळे हे वाचन प्रत्यक्षात कोठे होते याकडे माझे लक्ष जाणारच. डेटाबेसची मूळ कोष्टके वीज गेली तरी टिकावीत म्हणून चुंबकीय चकतीवर किंवा आजच्या घनावस्था साठवणीवर ठेवतात. अनेक चुंबकीय चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे करतात. म्हणजे एका फेऱ्याला ६० ÷ ७,२०० = १/१२० सेकंद, सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग वाचक-शीर्षाखाली येईपर्यंत सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते: सुमारे ४.२ मिलिसेकंद. संगणकाच्या मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट उचलायला मात्र सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. भागाकार करा. चकती स्मृतीपेक्षा सुमारे ४२,००० पट सावकाश!

हे प्रमाण मनात ठसावे म्हणून असे समजा, की स्मृतीतली वस्तू मागताक्षणी एका सेकंदात हाती येते. मग चकतीवरची वस्तू सकाळी सातला मागितली, तर ती संध्याकाळी सहा चाळीसला मिळेल. घनावस्था साठवणीत फिरणारे काही नसते, त्यामुळे ती चकतीपेक्षा कितीतरी जलद. तरीही मुख्य स्मृतीच्या मागेच.

अर्थात संगणक प्रत्येक ओळीसाठी अर्धा फेरा थांबत नाही. तो ओळी गठ्ठ्यागठ्ठ्याने उचलतो आणि वारंवार लागणारे गठ्ठे स्मृतीत राखूनही ठेवतो. तात्पुरते कोष्टक लहान असेल तर ते सहसा स्मृतीतच मावते. फार मोठे झाले की तेही चकतीवर जाते आणि फायदा घटतो. म्हणून तात्पुरत्या कोष्टकात पुढे लागतील तेवढेच रकाने घ्यावेत. विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, जन्मतारीख असे सारे काही उचलून नेऊ नये. क्रमांक असला की नाव केव्हाही मूळ कोष्टकातून काढता येते.

माझे पान माझ्यापुरते

तुमचे कच्चे काम शेजारच्या विद्यार्थ्याला दिसू नये, अशी परीक्षेत अपेक्षा असते. तात्पुरत्या कोष्टकाचेही तसेच. आपण डेटाबेसशी जोडणी केली, की ती तोडेपर्यंतच्या काळाला सत्र म्हणतात. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट अशा रुळलेल्या प्रणालींत या आज्ञेने केलेले कोष्टक ज्या सत्रात जन्मले, त्या सत्रालाच दिसते. दोन शिक्षकांनी दोन संगणकांवरून एकाच डेटाबेसमध्ये 'बेरजा' याच नावाची तात्पुरती कोष्टके केली, तरी त्यांची सरमिसळ होत नाही. सत्र संपले की ते कोष्टक आपोआप नाहीसे होते. मधेच जोडणी तुटली तरीही तेच. तासभर खपून केलेली बेरीज वीज जाताच पुसली गेली, असा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. मूळ कोष्टकाला मात्र त्याने धक्का लागत नाही.

माझी चूक

आता ती हकिकत. काही वर्षांपूर्वी, मी पूर्वी शिकवीत असे त्या महाविद्यालयात, एका शिष्यवृत्तीसाठी पात्र विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. ६०० पैकी किमान ३६० गुण, ही अट. सकाळी दहाच्या सुमारास मी गुणांच्या बेरजांचे तात्पुरते कोष्टक केले. ओळी मोजल्या, बेरजा ताडून पाहिल्या, सारे चोख जुळले. मग तास होते, प्रात्यक्षिके होती. संगणक तसाच चालू ठेवून मी गेलो. संध्याकाळी पाचला परत येऊन त्याच कोष्टकावरून यादी छापली, संगणक बंद केला, यादी फलकावर लावली आणि समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक विद्यार्थिनी दारात उभी. "सर, माझे नाव यादीत नाही. पण मला तर ३७४ गुण आहेत." मी मूळ कोष्टक उघडले. खरेच ३७४ होते! मला काही उमजेना. सकाळी इतके ताडून पाहिलेले कोष्टक चुकेल कसे? ते पुन्हा पाहावे म्हटले, तर संगणक बंद केला तेव्हाच ते पुसले गेले होते. शेवटी कार्यालयातील दुरुस्तीची नोंदवही मागवली. रसायनशास्त्रात तिचे ७४ गुण ४७ असे उलटे लिहिले गेले होते आणि ती चूक आदल्या दिवशी दुपारी अडीच वाजता मूळ कोष्टकात दुरुस्त झाली होती. बेरीज ३४७ ची ३७४ झाली होती. माझे कोष्टक मात्र सकाळी दहाचे. ते दुपारची दुरुस्ती कशी जाणणार?

अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी मूळ कोष्टकावरून नव्याने यादी केली, प्राचार्यांना चूक सांगितली आणि त्यांची सही घेतली. नव्या यादीत त्या मुलीच्या नावाबरोबर आणखी दोन नावे वाढली. ते दोघे विचारायला आलेच नव्हते. आपले गुण कमी पडले असतील, असे समजून ते गप्प बसले होते. शिपायाला पाठवून त्यांना वर्गातून बोलावून आणले आणि तिघांचेही अर्ज मुदतीत गेले. ती मुलगी धीट नसती तर तिघांचे वर्षाचे शुल्क माझ्या एका सवयीपायी बुडाले असते. हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

संगणक चुकला नव्हता. मी जे सांगितले तेच त्याने केले होते. तात्पुरते कोष्टक म्हणजे मूळ कोष्टकाचे छायाचित्र. छायाचित्र काढल्यानंतर माणूस जागचा हलला, तरी छायाचित्रात तो तेथेच दिसतो. मी सकाळचे छायाचित्र पाहून संध्याकाळी हजेरी घेतली, ही चूक माझी.

प्रश्न जपावा की उत्तर?

मग यावर उपाय काय? एक उपाय असा, की उत्तर न साठवता प्रश्न साठवावा. डेटाबेसमध्ये पृच्छेलाच नाव देऊन ठेवण्याची सोय असते. तिला व्ह्यू म्हणतात. तिचे नाव घेतले की संगणक दर वेळी मूळ कोष्टकाकडे जाऊन ताजे उत्तर आणतो. शिळे उत्तर मिळण्याची भीती नाही; पण श्रम दर वेळी पुन्हा पडतात. म्हणजे व्ह्यू प्रश्न जपते, तर तात्पुरते कोष्टक उत्तर जपते. पहिलीत ताजेपणा आहे आणि दुसऱ्यात वेग. काही प्रणालींत उत्तर साठवून ते हुकूम दिल्यावर ताजे करण्याची मधली वाटही आहे.

कोणती वाट घ्यायची, ते कामावर अवलंबून. गेल्या वर्षीच्या निकालाचा अभ्यास करायचा असेल, तर मूळ माहिती आता बदलणार नाही. तात्पुरते कोष्टक खुशाल वापरा. मूळ नोंदी दिवसभर बदलत असतील आणि उत्तरावर कोणाचे तरी हित अवलंबून असेल, तर पुढील तीन नियम पाळा. मी ते माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले आहेत.

पहिला: तात्पुरते कोष्टक केव्हा केले, ती तारीख आणि वेळ त्यातच एका रकान्यात लिहावी आणि छापील यादीवरही घालावी.

दुसरा: अखेरची यादी छापण्यापूर्वी जुने कोष्टक पुसून ते मूळ कोष्टकावरून पुन्हा करावे. संगणकाला त्याला काही क्षण पुरतात.

तिसरा: ज्या पृच्छेने ते कोष्टक केले, ती पृच्छा जपून ठेवावी. उत्तर पुसले गेले तरी चालेल; ते कसे काढले हे पुसले जाता कामा नये.

करून पाहा

१. शिक्षकांनी वर्गातील एका चाचणीचे गुण फळ्यावर कोष्टकात लिहावेत. एका विद्यार्थ्याने बेरजा वहीत उतरवून घ्याव्यात आणि फळ्याकडे पाठ करून बसावे. मग शिक्षकांनी फळ्यावरचे दोन आकडे बदलावेत. आता वर्गाने दोघांना तेच प्रश्न विचारावेत: एकाने वहीवरून उत्तर द्यावे, दुसऱ्याने फळ्यावरून. कोण लवकर सांगतो? कोण बरोबर सांगतो?

२. शाळेत संगणक असेल तर एसक्यूलाइट हा डेटाबेस त्यावर घ्या. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली प्रथम प्रसिद्ध केला. तो विनामूल्य आहे आणि अँड्रॉइड फोनमध्येही तो असतो. पाच विद्यार्थ्यांचे एक लहान गुणपत्रक करा, त्यावरून 'बेरजा' हे तात्पुरते कोष्टक करा आणि मग मूळ गुणपत्रकातील एक आकडा बदला. 'बेरजा' बदलले का ते पाहा. त्यानंतर सत्र बंद करून पुन्हा उघडा आणि 'बेरजा' शोधा.

३. वरच्या उदाहरणात मधल्या कोष्टकात ६,००० ऐवजी २४,००० ओळी आल्या असत्या, तर किती प्रश्नांनंतर ते साठवणे परवडले असते? (उत्तर: पाच प्रश्नांना दोन्ही रीतींनी १,८०,००० एककेच काम पडते, फायदा सहाव्या प्रश्नापासून.)

हे तिसरे उदाहरण सोडवताना तुम्ही समासात जे आकडे मांडाल, ते पुसण्यापूर्वी एकदा मूळ आकड्यांशी ताडून पाहा.